कोंडवाड्यातला फुटबॉल

चेंडू आला तो थेट पंचफुलाच्या पऱ्ह्यात.

सकाळपासून रिमझिम चालली होती. दिघोरीच्या आखराला, गुरं जमायच्या मोकळ्या जागेला, लागूनच सोमाजीची भाताची बांधी होती आणि तिच्या एका कोपऱ्यात रोवणीसाठी टाकलेले धानाचे पऱ्हे, वीतभर वाढलेली पोपटी रोपं. सोमाजीची एकुलती एक लेक पंचफुला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून पाणी किती साचलंय ते पाहत होती. तेवढ्यात आभाळातून काहीतरी धप्पकन पडलं, चिखलाचे शिंतोडे तिच्या गालावर उडाले... आणि मागून एक उंच, सावळा माणूस ते कोवळे पऱ्हे तुडवत धावत आला.

"थांबा तठीच," ती म्हणाली.

तो थांबला. एक पाय पऱ्ह्यात, एक धुऱ्यावर.

"चेंडू घ्यायले आलो होतो..."

"दिसून राहिलं मले. चेंडवानं एवढुसे मोडले. बाकीचे तुमी तुडवले."

तो कोण, हे तिला चांगलं ठाऊक होतं. रत्नाबाईचा ताराचंद. लहानपणी मामाकडे नागपूरला शिकायला गेला, कामठीच्या मैदानांवर अनवाणी खेळता खेळता रेल्वेच्या संघात पोचला, आणि मग कलकत्ता, मुंबई, मद्रास... त्याचा वर्तमानपत्रातला फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर डकवलेला होता. गंमत अशी, की दिघोरीतल्या एकाही माणसानं त्याला सामन्यात खेळताना पाहिलं नव्हतं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात; इथं तर पिकलेलं कुणाच्या दृष्टीसच पडलं नव्हतं. यंदा, अठ्ठ्याहत्तर साली, तो लांबलचक रजेवर गावी आला होता. सकाळी आखरावरची गुरं रानात गेली, की त्याच मोकळ्या जागेत गावच्या पोरांना खेळ शिकवायचा.

"द्या न," त्यानं हात पुढे केला.

पंचफुलानं चेंडू उचलला, पदरानं पुसला आणि काखेत घेतला. "कोंडवाड्यात भेटल."

"का भेटल?"

"चेंडू. पिकात जे शिरलं ते कोंडवाड्यात जाते. गावाचा नियम आहे."

"अवो, तो ढोरांसाठी आहे. हा फुटबॉल आहे."

"पिकाले का समजते, बैल आहे का फुटबॉल?" ती चालायला लागली. मग मान वळवून म्हणाली, "माणसाले कोंडवाड्यात टाकायचा नियम नाई. नाई तर तुमालेच नेलं असतं."

तो तिथंच पावसात उभा राहिला. हसू दाबायचा त्यानं बराच प्रयत्न केला, पण ते दबलं नाही.

कोंडवाडा सांभाळायचा डोमा. नियमाचा असा पक्का, की स्वतःच्या सासऱ्याची म्हैस त्यानं दोन रात्री अडकवून ठेवली होती. त्यानं फुटबॉल हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि एका उनाड बकरीशेजारी ठेवून फाटकाला कडी घातली. सोडवायची रीत ठरलेली होती. मालकानं स्वतः यायचं, फाटकावर हात ठेवायचा आणि चारचौघांत म्हणायचं – हे माह्यं आहे, यानं केलेलं नुकसान माह्या अंगावर. कुणाला पाठवून भागत नसे. आणि ज्याला कुणी आपलं म्हणायला येत नसे, ते जनावर बोली लावून परगावच्या माणसाला देऊन टाकत.

ताराचंद संध्याकाळी आला. बघायला अर्धं गाव. पोरं खिदळत होती, आणि तोही थट्टेच्याच चेहऱ्यानं आला होता. पण फाटकावर हात ठेवून तो "हे माह्यं आहे" म्हणाला आणि त्याची थट्टा तिथंच विरली. पुढचं वाक्य त्यानं खाली बघून पुरं केलं. बाकी कुणाच्या ते लक्षात आलं नाही. पंचफुलाच्या आलं, आणि मग त्या रात्री उगाचच पुन्हा पुन्हा आठवत राहिलं.

नुकसान पऱ्ह्याचं, तर भरपाई रोवणीनं, असा निवाडा सोमाजीनं दिला. एक दिवस रोवायला यायचं.

आता रोवणी म्हणजे बायकांचं काम. पुरुष चिखल करतात, पेंढ्या फेकतात. ओणवं होऊन रोवत मागं मागं जाणं त्यांना जमत नाही आणि जमवून घ्यायची त्यांना लाजही वाटते. ताराचंद मात्र धोतर खोचून बायकांच्या रांगेत येऊन उभा राहिला. शकुबाई ही रांगेतली सगळ्यात वडील आणि तोंडानं सगळ्यात तरुण. तिनं त्याला मुद्दामच पंचफुलाच्या शेजारी उभं केलं.

"बाप्पा, कलकत्त्यात एवढे लोक मागं टाकले म्हणते, आन् अठी बायांच्या मागं पडून राहिला," शकुबाई म्हणाली.

"चिखल लय खोल आहे, माय."

"हाव न. नाचता येईना, अंगण वाकडं."

रांग हसली. पंचफुलाही हसली... आणि हसता हसता थांबली. ताराचंद कमरेत वाकत होता, पण त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता. पाय मागं टाकताना तो आधी डावा टाकायचा, मग उजवा हळूच ओढून घ्यायचा. चिखलातून पाय काढताना प्रत्येक वेळी त्याचे ओठ आवळले जात.

आपली रांग सोडून त्याच्या पुढ्यातली अर्धी जागा ती रोवत गेली. त्याच्या ते लक्षात आलं. त्यानं पेंढी दोघांच्या मध्ये ठेवली. वर पाऊस चालूच होता, आणि दोघांचे हात एकाच पेंढीतून रोपं घेत होते.

संध्याकाळी हातपाय धुताना तिनं विचारलंच. "गुडघ्याले का झालं?"

त्यानं आधी इकडेतिकडे पाहिलं. "कोणाले सांगू नको..."

"विचारलं ते सांगा."

"मागच्या हिवाळ्यात सामन्यात मोडला. जुळला, पण डॉक्टर म्हणे, आणखी एक मार बसला तं काठी घ्यावी लागल. रेल्वेनं नोकरी ठेवली आहे, टेबलाची. खेळ संपला, पंचफुला." तो पाण्यात बघत म्हणाला. "पण गाव समजते, मी रजेवर आहो."

झाकली मूठ सव्वा लाखाची. पंचफुलानं ती मूठ झाकूनच ठेवायचं कबूल केलं. वर म्हणाली, "दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत. त्याच्या पुढं मी खोटं बोलणार नाई."

श्रावण-भादवा तसाच सरला. ताराचंदला स्वस्थ बसायचं माहीतच नव्हतं. पाय चालत नव्हते, तर डोकं चालायचं. गावच्या तलावाची पाळ एका अंगानं खचत चालली होती. अर्ज करून करून लोक थकले होते. तेव्हा त्यानं एक युक्ती काढली. ओढ्यापलीकडच्या मोहटोल्याच्या पोरांशी त्यानं सामना ठरवला, मंडईच्या जत्रेदिवशी. पैज अशी, की हरलेल्या गावानं पावडी-घमेली घेऊन जिंकलेल्या गावच्या तलावाची पाळ भरायला यायचं. मोहटोल्याचीही पाळ खचलेलीच होती. दोन्ही गावं पेटली. ज्यांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता, तेही आखरावर येऊन सल्ले द्यायला लागले.

"तुमी खेळणार नाई न?" पंचफुलानं एकदा पाळीवर गाठून विचारलं. ती अंबाडीची भाजी घेऊन निघाली होती, म्हणजे तसं सांगत तरी होती. रस्ता तिकडून नव्हता.

त्यानं एक खडा उचलून तलावात भिरकावला.

"खेळीन," तो म्हणाला. "एकदाच."

"काहून?"

"मायनं मले कधीच पाह्यलं नाई खेळताना. गावानं पाह्यलं नाई." आणि मग जरा थांबून, "तू... तू बी तं नाई पाह्यलं."

पंचफुलानं भाजीची जुडी घट्ट आवळली. रागानं की कशानं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"मले पाहाचं नाई," ती म्हणाली. "पाय राहू द्या. तेवढं बस आहे मले."

"अन् पाय राह्यला, पण खेळ नाई राह्यला, तं मी कोण आहो मंग? टेबलावरचा बाबू. त्याले कोण विचारते?"

याचं उत्तर तिच्या जिभेवर होतं. अगदी टोकावर. पण चांगल्या घरची मुलगी आपण होऊन असं बोलत नाही, असं तिला वाढवलेलं. ती भाजी घेऊन तशीच परत फिरली. घरी आल्यावर भाजीत मीठ दोनदा पडलं आणि सोमाजीनं ती मुकाट्यानं खाल्ली.

मंडईचा दिवस उजाडला. दिवाळी होऊन गेली की झाडीपट्टीतलं एकेक गाव आपापला दिवस धरतं. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांना पानसुपारी, रात्री दंडारीचा खेळ. दिघोरीच्या मंडईला त्या वर्षी माणूस मावेना. आखराच्या तिन्ही बाजूंना लोक आणि चौथ्या बाजूला सोमाजीचं उशिरा पिकणारं, उभं भारी धान, पिवळंधमक, अजून कापणीला आठवडा असलेलं.

रत्नाबाई पहिल्या रांगेत पोतं अंथरून बसली होती. नवं लुगडं नेसून आली होती बिचारी.

आणि ताराचंद खेळला.

पंचफुलानं पाहायचं नाही ठरवलं होतं. पण डोळे कुठं ऐकतात? चेंडू त्याच्या पायाशी आला, की तो पाळलेल्या पाडसासारखा त्याच्याबरोबर चालायचा. समोरून मोहटोल्याचे दोघं-तिघं धावून यायचे, तो नुसता खांदा हलवायचा, आणि ते भलतीकडेच जायचे. गाव आधी ओरडायला विसरलं, मग ओरडायचं थांबेना. रत्नाबाईनं तोंडाला पदर लावला होता आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अर्धा खेळ व्हायच्या आत त्यानं एक गोल केला, आणि वळताना तो हसत हसत पंचफुलाकडे बघायला लागला.

बघताना त्याचा उजवा पाय लचकला.

क्षणभरच. त्यानं लगेच सावरलं. कुणाला दिसलं नाही. पण ते आवळलेले ओठ पंचफुलाला ओळखीचे होते. आता तो आधी डावा पाय टाकत होता आणि उजवा ओढत होता. मोहटोल्याचा एक दांडगा गडी त्याच्यावर धावून यायच्या बेतात होता. कुणाला सांगावं? काय सांगावं? वचन तर दिलेलं. मंडईपर्यंत.

त्या गड्याचा पाय चेंडूला चाटून गेला. चेंडू उडाला आणि सळसळत सोमाजीच्या धानात शिरला.

पंचफुला धावली. लोंब्या बाजूला सारत आत गेली, चेंडू उचलला, काखेत मारला, आणि बाहेर येऊन सरळ गावाच्या दिशेनं चालायला लागली.

"ए पोट्टे, चेंडू दे न," कुणीतरी ओरडलं.

"कोंडवाड्यात भेटल."

दोन्ही गावांत एकच गलका उठला. मोहटोल्याचे म्हणाले, हरायची भीती वाटते म्हणून सोंग करता. दिघोरीचे सोमाजीकडे बघायला लागले. डोमा तेवढा पानाची पिंक टाकून शांतपणे म्हणाला, "बरोबर आहे तिचं. उभ्या पिकात शिरला."

ताराचंद तिच्यामागं आला. लंगडत. आता ते लपत नव्हतं.

"पंचफुला, काहून असं करून राहिली?"

ती थांबली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. "मी कोणाले काई नाई सांगतलं. मंडईपर्यंत नाई सांगीन म्हटलं होतं, अन् मंडई अजून सरली नाई. पण चेंडू मी देणार नाई. तुमाले घ्याचा असंल तं हिसकून घ्या."

त्यानं हात पुढे केला नाही. तो मागं वळला, सगळ्या गावाकडे तोंड करून.

"मी रजेवर नाई," तो म्हणाला. "माह्या गुडघा गेला. माह्या खेळ मागच्याच वर्षी सरला. तुमच्यासमोर एकदा खेळावं वाटलं म्हून गप होतो. चुकलं माह्यं."

तिकडे जत्रेतल्या उंच पाळण्याचा करकर आवाज तेवढा येत होता. रत्नाबाई पोत्यावरून उठली, लेकाजवळ आली, आणि त्याच्या घामेजलेल्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "पाह्यलं न मी. पोटभर पाह्यलं. आता बस तू माह्याजवळ."

उरलेला सामना पोरं खेळली. चेंडू सोडवून आणायला सगळा संघच गेला आणि "हे आमचं आहे" असं एका सुरात म्हणाला. डोमानं थोडा विचार करून तेही चालवून घेतलं. ताराचंद आईशेजारी पोत्यावर बसून सूचना देत राहिला. दिघोरी हरली. एका गोलनं, पण हरली ती हरलीच.

दुसऱ्या आठवड्यात सारी दिघोरी पावडी-घमेली घेऊन मोहटोल्याच्या पाळीवर. शकुबाई वाटभर संघाचा उद्धार करत होती, पण घमेलं सगळ्यात भरलेलं तिचंच. ताराचंद एका जागी बसून मातीची ढेकळं फोडत होता. आणि पाळ झाल्यावर एक आक्रीत घडलं. आठ दिवसांनी मोहटोल्याचे लोक कुणी न बोलावता दिघोरीच्या तलावावर पावडी घेऊन हजर. म्हणाले, हरले तुमी, पण अर्धा खेळ तं आमी हरतच होतो. ती पैज पुढं ऐंशीच्या दशकात आसपासच्या कितीतरी गावांनी उचलली, आणि कोण हरलं, कोण जिंकलं याला फारसा अर्थ उरला नाही.

हे सगळं छानच झालं. पण पंचफुलाचं काय?

ताराचंद तिच्या वाटेला येईना. समोर आली तर मान खाली घालून जाई. नागपूरची नोकरी पौषाच्या शेवटी सुरू व्हायची होती. तिकडे आंधळगावच्या एका दुकानदाराचं स्थळ तिला सांगून आलं होतं. माणूस भला, दोन्ही पाय धड. सोमाजीनं लेकीला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "थांब थोडं, बा." किती थांबायचं ते तिनं सांगितलं नाही, आणि बापानंही विचारलं नाही.

रागावला असेल का? चारचौघांत त्याची झाकली मूठ उघडायला लावली आपण... की अजूनही स्वतःला टेबलावरचा बाबूच समजतोय? तिला त्याचा राग यायचा, मग स्वतःचा यायचा, आणि मग दोन्ही राग एकमेकांत मिसळून नुसतंच रडू यायचं.

एके सकाळी, धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं, तेव्हा डोमा अंगणात येऊन उभा राहिला.

"पंचफुले, तुह्या लाखोरीत एक जनावर शिरलं होतं. कोंडवाड्यात टाकलं आहे."

"कोणाचं?"

"तेच तं. मालक सापडून नाई राहिला." डोमाचा चेहरा नेहमीसारखाच कोरडा होता. "तू येऊन पाह्यशील तं बरं."

ती गेली. धान कापल्यावर बांधीत उगवलेलं लाखोरीचं कोवळं कडधान्य खायला रोजच कुणाची तरी गाय येते, त्यात नवल नव्हतं. तिनं फाटकाच्या फटीतून आत पाहिलं.

आत एक वासरू होतं. आणि वासराच्या पलीकडे, भिंतीला टेकून, गवतावर ताराचंद बसला होता.

तिनं वळून डोमाकडे पाहिलं.

"माणसाले कोंडवाड्यात टाकायचा नियम नाई, असं मी सांगतलं याले," डोमा म्हणाला. "तं म्हणते, मी पिकात शिरलो, मुद्दाम शिरलो, मले टाका. मी का करू? पिकात शिरलं ते खरं."

"कायले शिरले?" तिनं फटीतूनच विचारलं.

"यायले दुसरी वाट दिसून नव्हती राहिली." ताराचंद उठून फाटकापाशी आला. धुक्यानं त्याचे केस ओले झाले होते. "अन् दाराशी येऊन मागायची हिंमत बी नव्हती. म्हटलं, जनावराचं बरं असते. त्याले मागावं नाई लागत. ज्याचं असंल ते येऊन घेऊन जाते... नाई तं परगावी जाते."

"नागपूरले?"

"नागपूरले. कोणी नाई आलं तं." त्यानं एक श्वास घेतला. "आधीच सांगतो, पंचफुला. जनावर लंगडं आहे. नांगराले चालणार नाई. पोरांले शिकवल, गावाचं काम करल, आठवड्यातून एकदा रेल्वेनं घरी येईल... दुसरं काई येत नाई त्याले. आंधळगावचं जनावर धडधाकट आहे म्हणते."

"तुमाले कोणी सांगतलं आंधळगावचं?"

"शकुबाईनं. आखरावर. सगळ्यांसमोर."

पंचफुलाला हसू आलं आणि रडूही. मागं पावलं वाजली. पाण्याला निघालेल्या दोघी-तिघी घागरी घेऊन थबकल्या होत्या. त्यांच्या पाठीमागं शकुबाई, आणि जरा अंतरावर, खांद्यावर घोंगडं घेतलेला सोमाजी. तो दुसरीकडेच बघत होता, पण जागचा हलत नव्हता.

चांगल्या घरची मुलगी आपण होऊन बोलत नाही. पण हा तर गावाचा नियम होता. त्याला कोण नावं ठेवणार?

तिनं फाटकावर हात ठेवला. लाकूड दवानं गार पडलं होतं.

"हे माह्यं आहे," पंचफुला म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "यानं केलेलं नुकसान माह्या अंगावर."

डोमानं सोमाजीकडे पाहिलं. सोमाजीनं घोंगडं सारखं केलं आणि मान हलवली. मग डोमानं कडी काढली.

फाटकाचा उंबरा उंच होता. ताराचंद बाहेर पडायला निघाला, आणि सवयीनं, कुणाला कळू नये म्हणून, उजवा पाय पुढं टाकायला लागला.

"डावा आधी," ती हळूच म्हणाली, आणि आपला खांदा पुढं केला.

त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डावा पाय आधी टाकला.